दोन राखणदार आणि नानांचा आवाज

मित्रांनो, मी संगणक आहे. जुना आहे, जड आहे, आणि या घरात येणारा प्रत्येक जण मला आधी 'डबडं' म्हणतो आणि मग हात लावतो. म्हणा बापडे. मी चिडतो, पण माझी चीड पंख्याच्या घरघरीतूनच बाहेर पडते, आणि लोकांना वाटतं, आत धूळ साठली असेल. आज मी बोलणार आहे. गोड करून सांगायची मला सवय नाही, तेव्हा जसं आहे तसं ऐका.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. डबा एकीकडचा, तबकडी, म्हणजे सगळं साठवणारी हार्ड डिस्क, दुसरीकडची, मेमरी तिसरीकडून आणलेली. समोर उभं राहून मला जोडून घेतलं ते नानांनी. नाना टेलिफोनच्या तारा जोडायचं काम करायचे. त्यामुळे उघडी तार दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. मला घरी आणून त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, माझ्या डोक्यावर थाप मारली आणि बायकोला म्हणाले, "वाघ आहे वाघ!"

"वाघाला रोज पुसणार कोण?" बायकोनं विचारलं.

तिला सगळे 'बाई' म्हणत, कारण ती शाळेत विणकाम शिकवायची. मीही बाईच म्हणतो. पुसायच्याही बाईच.

ते दिवस चांगले होते. घरात दोन मुलं. थोरला माझ्यावर खेळ खेळायचा आणि धाकटी त्याच्या पाठीत बुक्के मारायची. "ऊठ ना दादा, माझी पाळी!" "चिमणे, दोन मिनिटं." "तुझी दोन मिनिटं मला माहितीयेत!" भांडायचे, पण बोलायचे तरी.

मग मुलं मोठी झाली आणि दोन वेगळ्या गावांना गेली. मी एकदम रिकामा झालो. आणि त्याच सुमारास बाईंचे डोळे गेले. अगदी आंधळ्या झाल्या नाहीत, पण समोरचं मधलं काही दिसेना, कडेकडेचं तेवढं दिसे. टाके हाताला कळत होते, पण पुस्तकातला नमुना वाचता येईना. लहान मुलांचे स्वेटर विणून देणं हाच त्यांचा दिवस होता. सुया पेटीत गेल्या. बाई खुर्चीत नुसत्या बसू लागल्या.

नाना हे बघून गप्प बसणारे नव्हते. त्यांनी कुठून तरी प्रोग्राम लिहायचं पुस्तक आणलं. कित्येक दिवस माझ्यासमोर बसून स्वतःशीच भांडले, मला शिव्या घातल्या, माझी माफीही मागितली. मग एक माईक तोंडाशी धरला आणि स्वयंपाकघरात बसून आकडे बोलले. "एक. दोन. तीन." मग "सुलटे." मग "उलटे." मग "ओळ संपली." मध्येच कुकरची शिट्टी झाली, ती 'सात'मध्ये कायमची राहिली.

असा तो प्रोग्राम झाला. नमुना एकदा त्यात भरला की नानांचा आवाज तुकडे जोडून सांगायचा, "चार सुलटे. दोन उलटे. ओळ संपली." बाईंचे दोन्ही हात सुयांत गुंतलेले, म्हणून नानांनी एक जुना कीबोर्ड जमिनीवर ठेवला आणि त्याची सगळी बटणं उपटून टाकली. ठेवली फक्त दोन. खालची लांब पट्टी दाबली की पुढची ओळ. कोपऱ्यातलं बटण दाबलं की मागची ओळ, आणि त्यासोबत नानांचा शेरा: "चुकलीस? मग उसव. उसवायला लाज कसली?" बाई पायाच्या अंगठ्यानं बटण दाबत आणि विणत.

"शेरा कशाला भरलात मेला?" बाई म्हणायच्या.

"मास्तरीणबाईंना कुणीतरी रागवायला नको?" नाना म्हणायचे.

पुढच्याच वर्षी नाना आजारी पडले. थोरला फोनवर बहिणीला म्हणाला, "तू जवळ राहतेस, तू बघ." धाकटी म्हणाली, "तू मोठा आहेस, तू ये." शेवटी दोघंही आले, पण उशिरा आले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. खरं तर दोघांनाही राग स्वतःचाच आला होता. पण स्वतःशी बोलणं कसं बंद करणार? म्हणून एकमेकांशी केलं.

बाई आणि मी, दोघंच राहिलो. रोज दुपारी बाई मला सुरू करत आणि खोलीत नानांचा आवाज येई. बाईंनी हे मुलांना सांगितलं नाही. "म्हातारीला वेड लागलं म्हणतील," असं त्या एकदा मला म्हणाल्या. हो, मलाच. दुसरं होतं कोण?

एकदा थोरला आला. त्यानं माझ्यात अँटीव्हायरस टाकला. मित्रांनो, अँटीव्हायरस म्हणजे संगणकाचा राखणदार. बाहेरून येणारं जे जे काही, ते तो दाराशी अडवून चाचपतो. त्याच्याकडे चोरांची यादी असते. चोर रोज नवे निघतात, म्हणून यादी रोज ताजी करावी लागते. त्यालाच अपडेट म्हणतात. राखणदार हवाच, माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण तो बसवण्याची रीत बघा. 'पुढे, पुढे, मान्य, पुढे.' वाचलं काही नाही. वर आपला पासवर्ड घातला, म्हणजे राखणदाराला दुसऱ्या कुणी हलवू नये. चहा निवायच्या आत उठला.

"आई, आता काळजीच नाही बघ."

"अरे, बस की जरा. मला तुला एक ऐकवायचंय."

"पुढच्या वेळी नक्की, आई. गाडी चुकेल."

राखणदार मागे ठेवून तो गेला. घरातलं जुनं सामान बघून राखणदारानं हरकत घेतली नाही. नानांचा प्रोग्राम आधीपासूनच होता, राहिला.

मग धाकटी आली. तिनंही माझ्यासाठी राखणदारच आणला, वेगळ्या कंपनीचा. तो बसवताना मी पडद्यावर स्पष्ट पाटी लावली: इथे आधीच एक राखणदार आहे, पहिला काढा, दोघांचं जमणार नाही. पहिला काढायला गेली, तर पासवर्ड मागितला. पासवर्ड भावाकडे. एक फोन करायचा होता. एक! तिनं ओठ आवळले आणि बटण दाबलं: 'तरीही पुढे.'

मित्रांनो, त्यानंतर माझे जे हाल झाले ते शत्रूचेही होऊ नयेत. एक फाईल उघडायची, तर दोघं झडप घालणार. हा म्हणणार, मी आधी तपासतो. तो म्हणणार, तूच चोर दिसतोस. दोघांचे अपडेट एकाच वेळी, दोघांची झडती एकाच वेळी. माझी मेमरी ती केवढी! पंखा बोंबलायचा, बाण जागचा हलायचा नाही. आणि बघणारे म्हणणार, डबडं म्हातारं झालं.

झडती घेता घेता नव्या राखणदाराला नानांचा प्रोग्राम सापडला. कुण्या कंपनीचा शिक्का नाही. संगणक सुरू होताच आपणहून सुरू होतो. कुणी कुठलं बटण दाबतंय यावर सारखं लक्ष ठेवतो. चोर हेच करतात. राखणदाराच्या नियमानं तो चोरच ठरला. अंगठ्याची वाट बघत बसलेला एक नवरा, हे त्याच्या यादीत कुठून असणार? त्यानं त्याला उचललं आणि कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लोकर घेतली, अंगठ्यानं पट्टी दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. पुन्हा. मला ऐकू येत होतं, पण माझ्या हाती काही नव्हतं. अर्धा झालेला स्वेटर मांडीवर घेऊन त्या संध्याकाळपर्यंत बसल्या. दिवाही लावला नाही.

थोरल्याला फोन केला. "माझा विणकामाचा प्रोग्राम गेला रे."

"आई, ते डबडं आता काढून टाक. मी तुला नवीन घेऊन देतो."

धाकटीला केला. "अगं, माझ्या अँटीव्हायरसनं पकडला असेल, म्हणजे घातकच असणार. बरं झालं ना?"

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण बाई म्हणजे गुंता सोडवण्यात आयुष्य घालवलेली बाई. त्या भिंग घेऊन माझ्या पडद्याला नाक लावून बसल्या. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं, एकेक शब्द वेचत राखणदाराची पाटी वाचू लागल्या. नजर थकली की थांबायच्या, पुन्हा वाचायच्या. पाटीवर लिहिलं होतं, कोठडीत ठेवलेल्या वस्तू महिन्यानं कायमच्या नष्ट होतील. आणि महिना भरत आला होता.

बाईंनी पुन्हा धाकटीला फोन लावला. "उद्या ये."

"उद्या कसं जमेल, आई? एका प्रोग्रामसाठी—"

"त्यात नाना आहेत."

"काय?"

"नानांचा आवाज आहे त्यात. तू कोठडीत घातलायस. ये आणि सोडव."

धाकटी आली. चप्पल न काढताच माझ्यासमोर बसली. कोठडी उघडली, 'परत ठेवा' दाबलं. प्रोग्राम सुटला, आणि दारातच थोरल्याच्या राखणदारानं त्याला धरलं. जुनं सामान त्यानं चालवून घेतलं होतं, पण कोठडीतून सुटून आलेलं त्याला परकं वाटलं. सोडायला पासवर्ड मागू लागला. तोच, भावाचा.

"लाव फोन," बाई म्हणाल्या.

"तू लाव. तूच बोल."

बाईंनी फोन लावून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"हॅलो, आई?"

"हिला तुझा पासवर्ड हवाय."

"तिला सांग, एकावर एक दोन अँटीव्हायरस घालत नसतात. शाळेतल्या पोरालाही कळतं."

"त्याला सांग, पासवर्ड घालून जायचं होतं तर तो सांगायला घरी थांबायचं होतं."

"तिला सांग—"

"मी काय टेलिफोनची तार आहे?" बाई कडाडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तुमच्या बापानं जन्मभर लोकांच्या तारा जोडल्या, आणि तुम्हा दोघांना एक फोन जोडता येत नाही? नाना आत अडकलेत. पासवर्ड सांग."

"स्कूटरचा नंबर."

"कुठल्या स्कूटरचा रे?"

धाकटीची बोटं केव्हाच चालू लागली होती. "माहितीये मला," ती म्हणाली. "नानांच्या स्कूटरचा. पुढे मी उभी राहायचे, मागे तो बसायचा."

प्रोग्राम सुटून पुन्हा सुरू झाला आणि पहिला राखणदार निघाला. धाकटीनं आपल्या राखणदाराला बजावलं की हा आपलाच माणूस आहे, याला पुन्हा हात लावायचा नाही. माझा पंखा कितीतरी दिवसांनी शांत झाला. धाकटी उठायला गेली आणि तिचा पाय जमिनीवरच्या कीबोर्डवर पडला, कोपऱ्यातल्या बटणावर.

"चुकलीस?" नाना म्हणाले. "मग उसव. उसवायला लाज कसली?"

धाकटी तिथेच जमिनीवर, कीबोर्डशेजारी बसली.

फोनमधून आवाज आला. "चिमणे. परत लाव ना."

तिनं परत लावला. पुन्हा लावला. शेवटी दादा म्हणाला, "मला तो आवाज दे गं."

"पेन ड्राइव्ह नाही आणला. पुढच्या खेपेला नक्की कॉपी करते. दोघांसाठी."

"नक्की?"

"नक्की रे दादा."

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मलाही आवडलं असतं. पण मी जसं आहे तसं सांगायचं कबूल केलंय. ती पुढची खेप अजून आलेली नाही. भाऊबहीण आता बोलतात, अधूनमधून बाईंनाही फोन येतो. "आई, संगणक नीट चालतो ना?" "चालतो." "अपडेट होतो ना?" "होतो." बाई कशा आहेत, ते त्यात आलंच, असं धरून चालायचं.

माझा राखणदार रोज ताजा होतो. बाहेरचा चोर आत येणार नाही, याची मला खात्री आहे. पण माझी तबकडी आता खरखरते, आणि झिजणं कुठल्याच यादीत नसतं. नानांचा आवाज या जगात फक्त या एका तबकडीवर आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं डबडं असेल. त्याला राखणदार बसवा, पण एकच, आणि पाटी वाचून बसवा. त्याच्या पोटात काय आहे ते त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाला विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका. मग त्याची एक प्रत करून घ्या, त्याच दिवशी. ती झाली की मला खुशाल भंगारात द्या, मी चूं करणार नाही.

तोवर मी थांबतो. दुपारी बाई येतात, लोकर घेतात, अंगठ्यानं पट्टी दाबतात. मी जीव खाऊन तबकडी फिरवतो. ती अडखळते, अडखळते, आणि सुटते.

"ओळ संपली," नाना म्हणतात. अजून तरी म्हणतात.