कुंपणाबाहेरची खुर्ची

"आज कोण फेकणार, वेंडल? आपलं सहज विचारलं," कुंपणाच्या जाळीला नाक लावून लाइल ब्रँट म्हणाला.

वेंडल कोवाच तेव्हा बेसबॉलच्या मैदानाच्या मधल्या, चेंडू फेकणाऱ्याच्या उंचवट्यावर गुडघे टेकून ओली माती हाताने थापत होता. पहाटेपासून डेअरीचा टँकर हाकून, मुलीला घरून आपल्या ट्रकमध्ये घेऊन तो थेट इथेच आला होता, कपडे बदलायलाही फुरसत मिळाली नव्हती. रीडच फेकणार, असं त्याने वर न बघता सांगितलं. रीड हा लाइलचा मुलगा. लाइलचं नाक जाळीवरून निघालं आणि तो समाधानाने आपल्या घडीच्या खुर्चीत जाऊन बसला.

कोच व्हायची वेंडलला कधीच हौस नव्हती. मागच्या वर्षी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मुलांची नावं नोंदवायला सगळे पालक जमले होते. लीगच्या चिटणीस बाई म्हणाल्या, एका संघाला कोच मिळत नाहीये, कुणी पुढे आलं नाही तर ही पोरं यंदा घरी बसतील. झालं, सगळे बाप एकदम आपापले बूट न्याहाळू लागले. वेंडलने हात वर केला तो एकाच कारणासाठी. कोचचं मूल कोचच्याच संघात जातं, असा तिथला नियम. टँकरवर दिवस काढणाऱ्या माणसाला मुलगी भेटते ती जेवणाच्या टेबलावर, तीही पेंगुळलेली. मैदानावर तरी नेल आपल्या वाट्याला येईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

हिशेब चुकला. कोचच्या पोरावर सगळ्या गावाचा डोळा असतो. त्याला जरा चांगली जागा दिली की कुंपणामागच्या खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू होते, आणि ती किराणा दुकानापर्यंत पोचते. वेंडलच्या आधीचा कोच त्या कुजबुजीलाच कंटाळून गेला होता. तेव्हा त्या खुर्च्यांत बसून वेंडलनेही मान डोलावली होती, त्यामुळे त्याला सगळं पाठ होतं. म्हणून त्याने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. फाटकाच्या आत नेलने त्याला बाबा म्हणायचं नाही, कोच म्हणायचं. आणि नेल मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभी राहील. त्या कोपऱ्यात चेंडू चुकूनमाकून जातो. तिथे कुणाचंही पोर उभं करा, दुसऱ्या कुणाच्या पोटात दुखत नाही.

खरं तर अख्ख्या संघात नेलइतका जोरकस हात कुणाचा नव्हता. वेंडलच्या डाव्या तळव्याला ते ठाऊक होतं. संध्याकाळी घरामागे ती फेकायची, तो उपड्या बादलीवर बसून झेलायचा, आणि जाड हातमोज्यातूनही तळवा चुरचुरायचा. मॅचमध्ये मी कधी फेकणार, असं ती विचारायची. पुढच्या मॅचला, असं तो सांगायचा. ती पुढची मॅच दोन हंगाम पुढेच राहिली. आज शेवटचा सामना होता, आणि येताना ट्रकमध्ये तिने काही विचारलंच नाही. तिचं ते न विचारणं वेंडलला सोसेना. तो आपणहून बोलून गेला, "रीडनंतर तू. नक्की."

शेवटच्या डावात संघ एका धावेने पुढे होता, आणि तेवढ्यात रीडचे चेंडू संपले. कोवळ्या हाताचा सांधा बिघडू नये म्हणून ठरावीक चेंडू झाले की पोराला उतरवावंच लागतं. वेंडल उंचवट्यापर्यंत चालत गेला, रीडच्या पाठीवर थाप मारून त्याने चेंडू हातात घेतला. उजव्या कोपऱ्यातून नेल धावत निघाली होती. मागून लाइलचा आवाज आला, मोठा नव्हता, पण नेमका ऐकू जाईल एवढा.

"घ्या! आता कोचच्या लेकीचा नंबर."

दोन-तीन जण हसले. वेंडलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने मान वळवली आणि ओवेनला हाक मारली. ओवेन पहिल्या थांब्यावर, म्हणजे पहिल्या बेसवर, उभा राहणारा, गुणी पोरगा. पण त्याने सामन्यात एकदाही उंचवट्यावरून चेंडू फेकला नव्हता. नेल अर्ध्या वाटेत थांबली. टोपी पुढे ओढून परत आपल्या जागेवर गेली.

ओवेनचा चेंडू कधी जमिनीत, तर कधी पंचाच्या डोक्यावरून. चार चेंडू असे भरकटले की समोरच्याला पहिला थांबा फुकट मिळतो; तसे फुकटचे थांबे देत, एकही फटका न खाता संघ हरला. मग रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ ओळीने समोरासमोर चालले, तळव्याला तळवा लावत छान खेळलात, छान खेळलात असं पुटपुटत. लाइल मुद्दाम आत आला आणि वेंडलचा खांदा दाबून म्हणाला, "हरलो तर हरलो. पण माणूस सरळ आहेस तू." वेंडलला त्या शब्दांची शिसारी आली, तरी तो थँक्यू म्हणाला.

सगळे पांगल्यावर वेंडलने मैदानावर दाताळं फिरवलं. नेलने थांब्यांच्या गाद्या उचलून खोलीत ठेवल्या, बाकाखालच्या बाटल्या गोळा केल्या, सांगावं लागलं नाही. ट्रक फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागला तेव्हा ती म्हणाली, "कोच."

"फाटक मागे राहिलं, नेल. आता बाबा म्हण."

तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुढच्या वर्षी तू कोच होऊ नकोस. तू नसलास की मी दुसऱ्या कुणाच्या तरी संघात जाईन. त्याला लोक काय म्हणतील याची भीती नसेल."

"भीती नव्हती गं. सगळ्यांना न्याय मिळायला हवा ना."

"ओवेनला फेकता येत नाही, बाबा. तुलाही माहीत होतं."

ती चिडून बोलली असती तर वेंडलला बरं वाटलं असतं. ती दमलेल्या बाईसारखी बोलली, आणि खिडकीला डोकं टेकून तिने डोळे मिटले. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या वसंतात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये चिटणीस बाईंनी वेंडलकडे आशेने पाहिलं. वेंडलने बूट न्याहाळले.

पहिल्या सामन्याला त्याने लाइलशेजारीच खुर्ची उघडली. त्याला जागाच तेवढी उरली होती. हिरव्या टोपीतली नेल उंचवट्यावर उभी होती. तिचा कोच गावातला तरुण न्हावी होता, आणि त्याने आपल्या मुलाला मैदानाच्या मधोमध, सगळ्यांना हवीशी वाटणारी जागा दिली होती.

"बघितलंस? स्वतःचा पोरगा बरोब्बर मधे," लाइल कुजबुजला. "तू असं कधी केलं नाहीस."

"नाही केलं," वेंडल म्हणाला. "करायला हवं होतं."

लाइलने कॉफीच्या कपात तोंड घातलं. नेलने पाय उचलला, हात मागे नेला आणि चेंडू फेकला. तो दुसऱ्याच कुणाच्या मुलाच्या हातमोज्यात जाऊन खणखणीत वाजला. वेंडलचा डावा तळवा मांडीवर उघडाच पडला होता.