सुटलेल्या ओळीचे हक्क

मी हक्कपान बोलतोय. पुस्तकात शीर्षकाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत बसलेलं पान असतं ना, ते मी.

माझ्या पुढची चारशे पानं देवाबद्दल आहेत. मूळ धर्मग्रंथ हजारो वर्षांचा, त्यावर कोणाचाच हक्क नाही. भाषांतर मात्र कालपरवाचं, म्हणून ते एका संस्थेचं. माझ्यावर तसं छापलंय. शेवटी लिहिलंय, 'मजकुरात काना-मात्रेचाही बदल करू नये.' ही अट भाषांतरकाराच्याच हट्टाने आली. तेव्हा तो तरुण होता. करारावर सही करताना म्हणाला, "उद्या माझ्या शब्दांना कोणी हात लावला तर?" संस्थेने आनंदाने अट घातली.

मी त्याच्या स्वतःच्या प्रतीतला. तीस वर्षं त्याच्या टेबलावर काढली. त्याची नजर गेली तेव्हा सून वाचून दाखवू लागली. ती शाळेत मूळ ग्रंथाचीच जुनी भाषा शिकवते, त्यामुळे तो ग्रंथही शेजारी उघडा असायचा. शोकाच्या अध्यायात ती थांबली.

"बाबा, इथे एक ओळ कमी आहे."

"शक्यच नाही. पुन्हा बघ."

तिने तीनदा बघितलं. ओळ खरंच नव्हती. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत होत्या. पहिली उतरवल्यावर दुसरीही झाली असं समजून तो पुढे गेला होता. घरात कोणी गेलं की लोक हाच अध्याय वाचायचे, आणि नेमकी धीराची ओळ त्यात नव्हती. म्हातारा दोन दिवस धड जेवला नाही. मला त्याची फार दया आली.

सुनेने संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर तातडीने आलं, चार महिन्यांत. भाषांतरकारांविषयी नितांत आदर आहे. परंतु त्यांच्याच अटीमुळे बदल करता येत नाही. अट काढण्याचा अधिकार सात जणांच्या समितीला असून, पैकी तिघे मूळ ग्रंथकर्त्याकडे रवाना झाले आहेत.

"आपलेच दात, आपलेच ओठ," म्हातारा म्हणाला.

सून जुना करार चाळत होती. "बाबा, यात लिहिलंय, 'सोबतच्या हस्तलिखिताचे सर्व हक्क'. ही ओळ हस्तलिखितात होती का?"

"नव्हती. तेच तर रडगाणं आहे."

"मग ती तुम्ही दिलीच नाहीत. ती अजून तुमचीच आहे."

म्हातारा खूप वेळ हसला. मग त्याने ओळीचं भाषांतर सांगितलं आणि तिने ते माझ्या तळच्या कोऱ्या जागेत लिहिलं. मजकुराला धक्का नाही. मी मजकुरात मोडत नाही. खाली त्याने परवाना घातला, 'कोणीही घ्यावी. विचारू नये.' सही चाचपडत केली, ती थोडी संस्थेच्या नावावर गेली.

मागच्या महिन्यात तो गेला. माणसं जमली. सून शोकाचा अध्याय वाचत त्या जागेपाशी आली, पानं उलटून माझ्याकडे वळली, आणि तिला पुढे वाचवेना. शेवटी तिच्या नवऱ्याने वाचलं.

बाकी पुस्तकातलं काही छापायचं असेल तर संस्थेला रीतसर लिहा. ही ओळ मात्र आत्ताच उतरवून घ्या, कधीतरी लागेल:

'तू रडून घे. तोवर गेलेल्याचा हात मी धरला आहे.'