हारुकोला लिहिलेली चिठ्ठी

मी फुटबॉल बोलतोय, धरमतरच्या मिठागरातला. गोड बोलायची सवय नाय. लाथा खाऊन मोठा झालोय.

रोह्याच्या दुकानात जाळीत टांगलेला होतो. शाळेच्या बाईंनी आणलं आन् रंभाच्या हातात दिलं. पोरगी अनवाणी खेळते, पण फटका बसला की माझी शिवण करकरते.

तिचा बा नाथा. डोकं कायम तापलेलं. पण त्याचंही खोटं नव्हतं. मिठागरात पाणी सोडायच्या आधी तळ पायांनी तुडवून गच्च करावा लागतो. भेग राहिली की पाणी जिरलं, मीठ गेलं. रंभा सरावाला पळायची, तळ तसाच राहायचा. एक दिवस नाथानं माझ्यावर कोयता टेकवला.

"रविवारी रोह्याला खेळायला गेलीस तर याच्या नारळासारख्या दोन वाट्या करीन."

रंभा रडली नाय. दुसऱ्या दिवशी नाथा फावडं आणायला पेणला निघाला, तशी मला पिशवीत घालून पाठी लागली. "बा, पाच मिनटं चल एका ठिकाणी. मंग काप."

सन नव्व्याण्णव. पेणला निलेशनं इंटरनेटचं दुकान नवंच काढलेलं. पडद्यावर शाळेच्या बाईंनी रंभाला आधी दाखवलेली जपानी खेळाडू, हारुको. गुडघ्याला पट्टी, पायाशी माझाच भाऊबंद. खाली मजकूरच मजकूर, मेलेल्या माणसाच्या फलकावर असतो तसा.

नाथानं टोपी काढली, हात जोडले. "कधी गेली गो बिचारी?"

निलेशनं हसू दाबलं. "गेली नाय काका. खेळ सोडला फक्त, सहा वर्षं झाली. ही लोकांची पत्रं. ही ब्राझीलची, ही नॉर्वेची. रोज नवीन येतात."

"जित्या बाईला?"

"व्हय."

नाथा खुर्चीत बसला. मंग बोलला, "माझ्या आयनं चाळीस वरसं मिठागर तुडवलं. मेली तवा लोक म्हणले, काय पाय होते बाईचे. जिती होती तवर कोण बोललं नाय. मी पण नाय."

त्यानं रंभाच्या पायांकडं बघितलं.

"निलेश, लिव तिला. बाय, माझी पोरगी पण खेळते. रविवारी रोह्याला सामना हाय." रंभाकडं बोट केलं. "आन् तळ तुडवल्याबिगर जायची नाय, ते पण लिव."

शनिवारी रंभाच्या संघातल्या अकरा पोरी मिठागरात उतरल्या. मला इकडून तिकडं ढकलत सगळा तळ तुडवला. नाथा बांधावरून ओरडत होता, "त्या कोपऱ्यात द्या गो, तिथं भेग हाय."

रोह्याला आम्ही हरलो. दोनास एक. तो एक रंभाचा. नाथा सगळ्यांदेखत बोलला, "काय पाय हायेत माझ्या पोरीचे." रंभानं ऐकलं. मी पण ऐकलं.

आता मिठानं माझी शिवण खाल्लीय, हवा टिकत नाय. शाळेच्या बाई म्हणतात, आठवण म्हणून कपाटात ठेवू. नको. मोच्याकडं न्या, टाके घाला, हवा भरा. जिता हाय तवर लाथ मारा.