फलानंदांचा उसळता रस

दिंडोरी रोडवरच्या त्या लॉन्सवर रविवारी सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मंडपाखाली हजारेक माणसं मांडी घालून बसली होती. स्टेजवर झेंडूच्या माळांत काचेची मोठी बरणी होती आणि बरणीत सोनेरी रस. खाली शेगडी नाही, कुठे वायर नाही, तरी रस तळापासून बुडबुडत होता.

फलानंद महाराजांनी पुढच्या रांगेतल्या एका बाईंना बरणीला हात लावायला सांगितलं. बरणी गार होती.

"अग्नीवाचून उकळी," महाराज माइकवर म्हणाले. "तुमचं विज्ञान शंभर अंशाला उकळतं. माझा रस नामाला उकळतो."

मग त्यांनी चिमूटभर भस्म ओठांशी नेलं, काहीतरी पुटपुटले आणि ते बरणीत टाकलं. रस भसकन वर आला, फेस टेबलावरून खाली वाहिला. हजार माणसांनी हात जोडले.

पुढचा खेळ बाटल्यांचा. ज्याच्या मनात पाप नाही, त्याच्या हातात बाटलीचं बूच आपोआप उडणार. मंडपाचा खर्च उचलणाऱ्या बिल्डरच्या हातात ते टप्पकन उडालं. एका विधवेच्या हातात मात्र जागचं हललं नाही. तिला अकरा रविवार यायला सांगितलं, आणि ती पदर तोंडाला लावून खाली उतरली. मी कडेच्या रांगेत बसून ते पाहत होते.

मी तिथे का बसले होते, ते सांगते. माझं नाव तेजस्विनी. पंचवटीत आमचा पाच बायकांचा बचत गट आहे. बाजारातली डागी सफरचंदं आणि पेरू आणायचे, डाग कापून फेकायचे, उरलेलं फळ मोठ्या कढईत तासन् तास आटवायचं आणि काळसर, दाट गर बरण्यांत भरायचा, हा आमचा धंदा. लेबलवर 'सफरचंद बटर' लिहितो, आणि यात लोणी कुठाय, असं निम्मी गिऱ्हाइकं विचारतात. कढई ढवळायला गोटीरामभाऊ. पेठकडच्या डोंगरातला माणूस, द्राक्षांच्या कामाला आला आणि नाशिकचा झाला. पूर्वी तो भयंकर प्यायचा. डॉक्टर तेजलच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुटला आणि त्यानंतर चार वर्षं थेंबाला शिवला नाही.

उभं राहून त्याचा गुडघा दुखायचा. त्याची बायको अक्काबाई त्याला फलानंदांकडे घेऊन गेली. दर रविवारी दोन पेले रस. तिसऱ्या रविवारनंतर तो कामावर आला नाही. बुधवारी मला तो देशी दारूच्या दुकानाबाहेरच्या ओट्यावर सापडला. अक्काबाईनं त्याचं अंथरूण घराबाहेर टाकलं होतं, आणि गल्लीनं निकाल देऊन टाकला होता की बेवडा शेवटी बेवडाच.

मी शेजारी बसले. 

"ताई, त्या रसात दारू हाय," तो म्हणाला. "पयल्याच घोटाला जिभेनं वळखली. पण हजार मानसं हात जोडून बसल्याली. म्हनलं, आपलीच जीभ पापी."

मला त्याचं पटलं, कारण ही चूक मी स्वतः केली होती. गट सुरू केला त्या वर्षी सफरचंदाचा रस काढून, न तापवता, बाटल्यांत घट्ट बंद करून माळ्यावर ठेवला होता. एप्रिलमध्ये एकेक बाटली फुटायला लागली. काचा छतात रुतल्या. नंतर प्रशिक्षणात कळलं, की फळाच्या सालीवर यीस्ट नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. कच्चा रस ठेवला की ते त्यातली साखर खातात आणि वायू नि दारू तयार करतात. वायू बाहेर पडताना रस उकळल्यासारखा दिसतो. तो कोंडला तर बूच उडतं किंवा बाटली फुटते. म्हणून रस रसच ठेवायचा असेल तर तापवून, स्वच्छ बाटलीत भरून गार जागी ठेवावा लागतो.

एवढं माहीत असून मी त्या रविवारी डोळ्यांनी बघायला गेले. पडद्याच्या फटीतून मला बाटल्यांची दोन खोकी दिसली. एक थर्माकोलचं, बर्फानं भरलेलं. दुसरं भर उन्हात. बिल्डरची बाटली उन्हातून आली होती, विधवेची बर्फातून. ऊन लागलं की वायू बुचाला ढकलतो, बर्फात तो रसातच राहतो.

अक्काबाईला मी हे सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. नवऱ्यानं पिण्याला महाराजांचं निमित्त केलंय, असं तिचं म्हणणं. तेव्हा डॉक्टर तेजलनं तिला अडवलं नाही, उलट विचारलं, की तुम्ही आयुष्यात दारूला शिवला नाहीत, मग पुढच्या रविवारी रस पिण्याआधी आणि प्यायल्यावर माझ्या यंत्रात फुंकाल का? गाडीवाल्यांना पोलीस फुंकायला लावतात तसलंच ते यंत्र. अक्काबाई लगेच तयार झाली. नवऱ्याला खोटं पाडायला ती येणार होती.

रविवारी मंडपाबाहेर तिनं फुंकलं. यंत्रावर शून्य. आत जाऊन तिनं दोन पेले रस घेतला. तोंडातला वास उगाच मोजला जाऊ नये म्हणून डॉक्टरनं तिला चूळ भरायला लावली आणि चाळीस मिनिटं थांबायला सांगितलं.

तेवढ्यात बाटल्यांची पाळी आली. मी गोटीरामभाऊंना घेऊन स्टेजवर चढले.  हा माणूस पितो, असं मीच माइकवर सांगितलं. महाराज खूश झाले, त्यांनी पडद्यामागे खूण केली आणि बर्फातली बाटली आली. बूच हललं नाही. महाराजांनी करुण सुस्कारा सोडला.

मग मी पिशवीतली माझी बाटली काढली. मंगळवारी रस काढून त्यात चिमूटभर यीस्ट घातलं होतं, आणि सकाळपासून बाटली गरम पंच्यात गुंडाळून ठेवली होती. ती गोटीरामभाऊंच्या हातात दिली आणि बुचावर बांधलेली दोरी सोडली. बूच उडून मंडपाच्या कापडाला लागलं.

"पाप पाच मिनिटांत गेलं का, महाराज?" मी विचारलं.

उत्तराची वाट न पाहता मी घरून आणलेला रवा मुठीत घेतला, "बे एके बे, बे दुणे चार" म्हणत त्यांच्याच बरणीत टाकला. रस भसकन उसळून बाहेर आला. मागच्या रांगांतून हसू फुटलं. रसात वायू कोंडलेला असतो, मी सांगत होते, त्यात कुठलीही पूड पडली की तो एकदम बाहेर येतो, भस्म असो की रवा. एवढ्यात माइक बंद झाला. दोन दांडगे सेवक माझ्याकडे आले. मी जागची हलले नाही. ओरडूनच बोलत राहिले.

खाली डॉक्टर तेजलनं अक्काबाईपुढे यंत्र धरलं. अक्काबाईनं फुंकलं. आकडा लहान होता, पण शून्य नव्हता. तिनं दुसऱ्यांदा फुंकायला मागितलं. तोच आकडा.

ती स्टेजवर आली. सेवक तिच्या वाटेतून बाजूला झाले. माइकची तिला गरज नव्हती.

"चार वर्सं ह्या मानसानं दारू शिवली नव्हती," ती म्हणाली. "महाराजानं पेल्यात घालून दिली अन् मी माझ्या हातानं पाजली. वर घराभाईर काढला. पापी कोन, ते बाटलीला नका इचारू. मला इचारा."

 कडेवर मूल घेतलेली एक पोरगी उभी राहिली. पोराला भूक लागावी म्हणून महिनाभर ती त्याला हा रस वाटीनं पाजत होती. आता काय करू, असं तिनं डॉक्टरला विचारलं. त्या प्रश्नानंतर बायकांनी हातातले पेले एकामागून एक जमिनीवर ओतले. महाराज धर्मद्रोहाबद्दल काहीतरी म्हणत मागच्या दारानं गाडीत बसले.

त्यांचा 'अक्षय प्रसाद', म्हणजे बरणीतला फळांचा गर, वर्षभर टिकतो, त्याचं काय, असं एका आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, आमचाही टिकतो. फळ साखरेसकट घट्ट होईपर्यंत आटवायचं, उकळून घेतलेल्या बरणीत कढत असतानाच भरायचं, झाकण लगेच लावायचं. आत जीवजंतू वाढत नाहीत. यात मंत्र कुठेच लागत नाही, लागतात ते दुखरे हात.

सदतीस जणांनी सह्या केलेली तक्रार आम्ही पोलिसांकडे दिली. महाराजांच्या माणसांनी आमच्या गटाची पाटी फोडली. आम्ही नवी लावली, आधीपेक्षा मोठी. गोटीरामभाऊ परत केंद्रात गेला, आता त्याचे दिवस पहिल्यापासून मोजले जातात. अक्काबाई दर गुरुवारी त्याला भेटायला जाते आणि वाटेत कुणी महाराजांचं नाव काढलं तर थांबून भांडते. त्याच्या गुडघ्यावर हाडांचे डॉक्टर इलाज करताहेत. हळूहळू फरक पडतोय, चमत्कार झालेला नाही.

मला लोक म्हणतात, श्रद्धेच्या आड कशाला येता? मी कुणाच्या देवाच्या आड आलेले नाही. मी एका बाटलीच्या आड आले आणि पुन्हा येईन. तुम्हाला कुणी काही प्यायला दिलं, तर हे कशाचं, कधी केलं, यात काय घातलं, एवढं विचारा. खरा माणूस उत्तर देतो. जो प्रश्न विचारणं हेच पाप ठरवतो, त्याच्या हातचा पेला तिथेच ओतून टाका.