चौदावी सूचना

थोरलीने पक्ष्यांची चित्रं काढण्यात हयात घालवली होती. शाळेच्या पुस्तकांतले पक्षी, खिशात मावणाऱ्या पुस्तिकांतले, एकदा तर टपालाच्या तिकिटावरचेसुद्धा. तिचा पक्षी कागदावर असा उभा राहायचा, की हात पुढे केला तर भुर्रकन उडून जाईल. पण गेल्या दोन वर्षांत कामं आटत गेली. जी प्रकाशनसंस्था तिला वर्षाला तीन पुस्तकं द्यायची, ती एका कंपनीकडून यंत्राने काढलेली चित्रं घ्यायला लागली; आणि एक दिवस त्याच कंपनीने थोरलीला बोलावून घेतलं.

"चित्रं नाही काढायची," तिथली विभागप्रमुख म्हणाली. "आमच्या सूचना तपासून द्यायच्या."

काम असं होतं. कंपनीकडे एजंट होते, म्हणजे संगणकातले न दिसणारे चित्रकार. आधी काय काढायचं, मग काय, काय टाळायचं, हे त्यांना लिहून द्यायचं. ते वाचून एजंट एकेक रेघ ओढत चित्र पुरं करायचा. सूचना लिहिणारी माणसं वेगळी, तपासणारी वेगळी. कुणाला कुणाचं नाव कळू द्यायचं नाही. थोरलीपुढे पाच सूचनापत्रं आणि प्रत्येकावरून निघालेली वीस-वीस चित्रं यायची. कुठल्या सूचनेने चित्र सुधारलं, कुठल्या सूचनेने बिघडलं, ते लिहून दहापैकी गुण द्यायचे. एखादी ओळ बदलून चित्रं पुन्हा काढून बघायचीही मुभा होती.

'ज्याने पोटावर पाय दिला, त्याचीच वही तपासायची,' केस विंचरताना ती स्वतःशी म्हणाली, आणि गेली. घरात माश्या मारत बसण्यापेक्षा बरं.

पहिली तीन पत्रं सुमार होती. 'पक्षी सुंदर दिसावा.' 'पिसं रंगीबेरंगी असावीत.' अभ्यास न केलेल्या मुलाने उत्तरपत्रिका भरावी, तसला प्रकार. चौथं पत्र उघडलं आणि ती सावरून बसली. 'पक्षी समोर तोंड करून बघत नाही. मान वळवून एका डोळ्याने बघतो.' 'ओल्या पिसांचे झुपके होतात, प्रत्येक पीस सुटं काढू नये.' 'चिमणी भ्याली की अंग चोरून बारीक होते, निवांत असली की फुगते.' हे कुठून उतरवून काढलेलं नव्हतं. हे खिडकीत तासन्‌तास बसून पाहिलेलं होतं.

मग चौदावी सूचना आली. 'आधी डोळा काढावा. डोळा जमला की पक्षी आपोआप उभा राहतो.'

थोरलीच्या हातातलं पेन तिथेच थांबलं. हे वाक्य जगात एकाच माणसाला सांगितलं गेलं होतं, आणि सांगणारी ती स्वतः होती.

बावीस वर्षं झाली त्याला. थोरली तेव्हा चोवीसची, तिचं पहिलं पुस्तक नुकतं निघालेलं. धाकटी बहीण सोळाची. वडील घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत भिंग लावून बसायचे. एका संध्याकाळी धाकटीने काढलेला कावळा त्यांनी उजेडात धरला आणि दोघींच्या देखत थोरलीला म्हणाले, "हिचा हात तुझ्याहून हलका आहे गं." माणूस सहज बोलून गेला. थोरलीच्या मनात मात्र ते कुसळासारखं रुतून बसलं.

आठ दिवसांनी धाकटी कागद घेऊन आली. "ताई, तुझे पक्षी कसे गं उभे राहतात? माझे सगळे पडायला झालेत."

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. ती आधी पाय काढायची. पक्ष्याचा भार कुठे पडतो ते बघून पायांपासून वर एक उभी रेघ धरायची आणि अंग त्या रेघेवर बसवायची. एका वाक्याचं काम. पण जीभ भलतीकडेच वळली.

"डोळा आधी. डोळा जमला की पक्षी आपोआप उभा राहतो."

धाकटीने मनाशी खूणगाठ बांधली. कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेला ती दोनदा बसली. दोन्ही वेळा परीक्षकांनी म्हटलं, डोळे जिवंत आहेत, पक्षी भुसा भरलेले वाटतात. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. रंगपेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली, टायपिंग शिकली, नोकरीला लागली. आता ती याच कंपनीत, पण दुसऱ्या इमारतीत, सूचना लिहायच्या खात्यात होती. थोरलीला ते माहीत होतं. पण तिचंच पत्र आपल्या टेबलावर येऊन पडेल, असं काही मनात आलं नव्हतं.

तिने वीस चित्रं पसरली. वीसच्या वीस पक्षी टपोऱ्या डोळ्यांनी बघत होते आणि वीसच्या वीस पुढे कलंडत होते.

तीन गुण देऊन पत्र बाजूला सारता आलं असतं. कुणी जाब विचारला नसता. तिने तीनचा आकडा लिहिलासुद्धा. मग जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर तिने चौदावी सूचना खोडली आणि खरी लिहिली: 'आधी पाय. भार जिथे पडतो तिथून उभी रेघ धरा, अंग त्या रेघेवर बसवा.' चार मिनिटांत नवी चित्रं आली. सगळे पक्षी उभे. बहिणीला बावीस वर्षांत जे मिळालं नाही, ते यंत्राला डबा उघडायच्या आत मिळालं. तिने तिनाचे नऊ केले, बदललेली ओळ शेऱ्यात लिहिली आणि डबा तसाच घरी नेला.

रविवारी दुपारी धाकटी आली ती दारातूनच बोलत. "ताई, कुठे आहेस? गंमत ऐक! माझं पत्र पहिलं आलं. परीक्षकाने फक्त एक ओळ बदलली. आपली ती डोळ्याची ओळ गं! चूकच होती ती. आधी पाय काढायचे असतात."

थोरली स्वयंपाकघरातून बाहेर आली. धाकटीने आवाज जरा खाली आणला, समजूत घालावी तसा. "तुलाही कुणीतरी चुकीचंच सांगितलं असणार. तुझा हात मुळातच चांगला, म्हणून तुझं निभावलं. म्हटलं आधी तुला सांगावं, पुढच्या पुस्तकाला उपयोगी पडेल."

थोरली गप्प बसली असती तरी खपलं असतं. वर आभारही मानता आले असते. पण टेबलावर सकाळचा कागद उघडाच पडला होता. एरवी धाकटीची चाहूल लागली की ती अर्ध्या चित्रावर फडकं टाकायची. आज ते राहून गेलं. बोलता बोलता धाकटी टेबलाशी गेली आणि थांबली. कागदावर पक्षी नव्हताच. फांदी घट्ट धरलेले दोन पाय होते, आणि त्यांच्यापासून वर गेलेली एक फिकट रेघ.

"हे असं कधीपासून काढतेस?"

"पहिल्यापासून."

"मी विचारलं होतं तेव्हाही?"

"हो."

"मग मला डोळा का सांगितलास?"

थोरलीने खरं ते सांगितलं. कावळा, बाबांचं वाक्य, आपली जळफळ. परीक्षक आपणच होतो, तेही. बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल, असं तिला वाटलं होतं.

धाकटी रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातातच खोट आहे. दुसऱ्यांदा नापास झाले ना, त्या दिवशी मी या हाताला चिमटे काढले होते. काळानिळा झाला होता."

ते ऐकवेना, म्हणून थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "बाबांनीही ऐकलं होतं. तिथेच बसले होते. मी कशी काढते ते त्यांना ठाऊक होतं, तरी काही बोलले नाहीत."

खोटं नव्हतं ते. त्या दिवशी वडिलांनी भिंग वर सारून थोरलीकडे पाहिलं होतं आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं होतं. पोरींच्या मध्ये पडायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. पण ते जाऊन सहा वर्षं झाली होती. आता ते उकरून काढायची काही गरज नव्हती. त्या घरात एक माणूस तरी आपल्या बाजूचं होतं, एवढ्याच भांडवलावर धाकटीने दिवस काढले होते. स्वतःचं ओझं हलकं करायला थोरलीने तेही काढून घेतलं. तोंडून शब्द सुटल्यावर तिला ते कळलं. बहिणीची लबाडी ऐकताना न हललेला तो चेहरा आता पार उतरला होता.

"एवढं नसतं सांगितलंस तर चाललं असतं," धाकटी म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

कंपनीने ते सूचनापत्र कायम केलं. त्याच्या जोरावर धाकटीला बढती मिळाली, आणि थोरलीच्या प्रकाशनसंस्थेने पुढचं पुस्तकही कंपनीकडेच दिलं. थोरली अजून तपासणीला जाते. सध्या माशांची पत्रं चालू आहेत.

महिन्याभराने तिने धीर करून फोन केला. "ये ना गं एकदा. मी शिकवते. अडतीस म्हणजे काही वय नाही."

"आता कशाला?" धाकटी म्हणाली. "काढतंय की ते यंत्र."

मग तिने विचारलं, आईच्या गुडघ्याचा पट्टा तू आणतेस की मी आणू. थोरली म्हणाली, मी आणते.