वाढवलेली चाळीस माणसे

मिठागरावर राबणाऱ्यांच्या तळपायांना जखमा पडतात. त्यांवर रोह्याच्या डॉक्टर पुष्करने मलम केले आणि त्याच्या चाचणीचे गणित पेणच्या त्र्यंबकरावांनी मांडून दिले. संख्याशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक स्वल्पविरामासाठीही वाद घालत. एकशेवीस माणसांवर निर्णय करायचा, हे त्यांनीच लिहून ठेवले होते.

एकशेविसांचा निकाल उघडला तेव्हा मलम किंचित पुढे होते. पुरावा म्हणावा इतके नव्हते. पुष्कर म्हणाला, आणखी चाळीस घेऊ. हमरापूरच्या मूर्तिकारांकडे शंभर गणपतींची मागणी असली तरी फुटतुटीसाठी दहा अधिक करतातच. पेणमध्ये जन्म काढलेल्या त्र्यंबकरावांना दाखला घरचा वाटला आणि खोट दिसत असूनही त्यांनी वाद घातला नाही. मूर्तिकार ती दहा आधीच धरतो. यांनी निकाल पाहून माणसे वाढवली. हवा तो कौल मिळेपर्यंत देवाला फुले लावत राहिले, तर एखादे उजवीकडे पडणारच. शंभरांत पाच एवढीच मान्य केलेली चुकीची शक्यता त्याच क्षणी वाढली.

एकशेसाठांवर मलम सिद्ध झाले. त्याच भरवशावर मिठागरातल्या नाथाने सडलेले बोट कापून घेतले नाही. विष अंगात भिनले आणि तो गेला. पुढे दुसऱ्यांनी केलेल्या मोठ्या चाचणीत मलमाचा गुण दिसलाच नाही. पुष्करने ते बंद केले.

दोन वर्षांनी नाथाची बायको इंदुबाई त्र्यंबकरावांच्या दारात आली. तिच्या मुलाच्या, हितेशच्या पायाचा अंगठा तसाच काळवंडला होता. डॉक्टर पुष्कर तो कापायचा म्हणत होता. मास्तरांनी शब्द टाकून मलम मिळवून द्यावे, एवढीच तिची विनवणी.

"त्यांना लावाया मीच उशीर केला, म्हून गुण नाय आला," ती म्हणाली. "याला येळेत लावते."

त्या समजुतीवर ती दोन वर्षे स्वतःला कोसत जगली होती, आणि ती समजूत मोडल्यावाचून पोराचा पाय वाचणार नव्हता.

"इंदुबाई, उशीर तुमचा नव्हता. मलमात गुणच नव्हता. गणित आम्ही वाकवले. हितेशला आजच रोह्याला न्या."

ती उंबऱ्यावरच बसली.

"मंग बोट कापलं असतं, तर ते असते?"

"बहुधा असते."

"तुमाला तवा ठावं होतं?"

"होते."

ती पदर सावरून उठली. त्यांनी रिक्षा बोलावू का विचारले. तिने मान हलवून नको म्हटले.

हितेशचा अंगठा गेला, पाय राहिला. हे त्र्यंबकरावांना पुष्करकडून कळले. इंदुबाई आजही बाजाराला त्यांच्याच आळीतून जाते. पण समोरच्या कडेने.