चिठ्ठीतला अडथळा

त्या मशिदीत एक पद्धत होती. हातपाय धुण्याच्या जागेपाशी भिंतीला एक लाकडी पेटी टांगलेली असे, वर बोटभर फट असलेली. आपल्यासाठी सगळ्यांनी दुआ करावी असं ज्याला वाटे, त्याने मागणी कागदावर लिहायची, खाली नाव घालायचं नाही, घडी करून आत सोडायची. दर गुरुवारी दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजेनंतर, इमामसाहेब पेटीतली एकेक चिठ्ठी वाचत. कुणाच्या आईचं दुखणं, कुणाच्या मुलीचं अडलेलं लग्न, कुणाची परीक्षा. प्रत्येक चिठ्ठीनंतर साऱ्या रांगा हात पसरून ‘आमीन’ म्हणत. मागणारा तिथेच कुठेतरी मान खाली घालून बसलेला असे आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता नसे.

या आमीनमध्ये सगळ्यांत वरचा आवाज उस्तादांचा. तो पोटातून यायचा. इतरांचं आमीन मग त्याच्या मागोमाग उठायचं. इमामसाहेब एकदा हसत म्हणाले होते, “उस्ताद, तुम्ही आजारी पडलात तर त्या आठवड्याच्या चिठ्ठ्या लोकांना परत कराव्या लागतील.”

उस्ताद जोडे बनवत, पण दुकानात मिळतात तसले नव्हेत. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. एक पाय आखूड असलेली माणसं, पावलं आत वळलेली मुलं, साखरेच्या आजाराने तळव्याची जाणीव गेलेल्या बायका तिथे येत. उस्ताद त्यांच्या पावलाचा प्लास्टरमध्ये ठसा घेत, त्यावरून साचा करत आणि साच्यावर चामडं चढवत. बावीस वर्षांत त्यांनी किती जणांना सरळ चालायला लावलं होतं, याची त्यांनी कधी मोजदाद ठेवली नाही. कुणी वाटेत थांबून “उस्ताद, ओळखलं का?” म्हणालं, की ते आधी त्याच्या पायांकडे पाहत, मग तोंडाकडे.

गेले अठरा गुरुवार एक चिठ्ठी दर आठवड्याला येत होती. शब्द तेच. ‘माझ्यासमोर एक दार आहे. वाटेत एक अडथळा आहे. अल्लाहने तो दूर करावा.’ उस्तादांचा जीव त्या अनोळखी माणसासाठी तुटायचा. घरी येऊन ते बायकोला म्हणत, “कोण बिचारा आहे कोण जाणे. इतके महिने दारात उभा आहे.” आणि त्या चिठ्ठीच्या वेळी ते छातीत होता नव्हता तेवढा दम आवाजात ओतत.

एकोणिसाव्या गुरुवारी सकाळी ते इस्पितळात पोचले, तेव्हा खोलीला नवं कुलूप होतं.

अधीक्षक बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. अवघड गोष्ट बोलायची असली की टेबलावरचे कागद सरळ करत राहायची त्यांना सवय होती.

“उस्ताद, डोळ्याचं तुम्ही आम्हाला कळवायला हवं होतं.”

“कसलं डोळ्याचं?”

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या केसपेपरची ती प्रत होती. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे, उजव्यावर लक्ष ठेवावं लागेल. मूळ कागद घरी कपाटात, लग्नाच्या कागदांच्या खाली ठेवलेला होता. खाली एक अर्ज जोडला होता, आणि अर्जाखालची सही उस्तादांना एकट्या उजव्या डोळ्यानेही स्पष्ट वाचता आली.

“तुमच्या मेहुण्यांनी काळजीपोटीच लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “पुढे खोली ते चालवतील. तुम्हाला सल्ल्याला बोलवत जायचं, असंही त्यांनी कबूल केलंय.”

“सल्ल्याला,” उस्ताद म्हणाले, आणि उठले.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी तो त्यांच्या घरी आला, तेव्हा त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता. अकरा वर्षं उस्तादांनी त्याला हाताशी धरलं. चामड्याला कुठून ताण द्यायचा, टाच किती उतरवायची, दुखऱ्या पावलाला हात लावण्याआधी त्या माणसाशी दोन शब्द कसे बोलायचे, सगळं शिकवलं. त्याचं लग्न लावलं, माडीवरची खोली त्याला दिली. डोळ्याची गोष्ट उस्तादांनी पहिल्यांदा सांगितली तीही त्यालाच; बायकोला नंतर.

ते घरी आले तेव्हा मेहुणा जेवत होता. भाऊजींचा चेहरा पाहून त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“अर्ज तू दिलास?”

“दिला.”

“कपाट उघडून कागद काढलास?”

“भाऊजी, आधी बसा.”

“मी उभाच बरा आहे. तू सांग.”

“मग ऐका. गेले चार महिने शेवटची शिवण मी घालतोय. टाच मी उतरवतोय. आणि कागदावर सही तुमची. त्या साखरेवाल्या आजींच्या जोड्यात खिळ्याचं टोक वर राहिलं होतं, ते कुणाला दिसलं? त्यांना टोचलेलं कळलंही नसतं. पाय कापायची वेळ आली असती.”

“मग मला सांगायचंस!”

“तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, अजून हात चालतात, डोळ्यांचं बघू.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते जास्त झोंबलं. उस्तादांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली होती. तिला आत येववेना, मागे जाववेना.

“घरात भांडला असतास,” उस्ताद म्हणाले, “तरी मी ऐकून घेतलं असतं. दोन दिवस बोललो नसतो, तिसऱ्या दिवशी ऐकलं असतं. पाठीमागून कशाला गेलास?”

“पाठीमागून नाही गेलो.” मेहुण्याचा आवाज एकदम मऊ झाला. “माणसांकडे मागायच्या आधी मी अल्लाहकडे मागितलं. अठरा गुरुवार चिठ्ठी टाकली. तो कौल देईपर्यंत अर्जाला हात लावला नाही.”

उस्तादांना क्षणभर अर्थच लागेना. मग लागला.

“तो अडथळा...”

“मी नाव नव्हतं लिहिलं, भाऊजी.”

“मी आमीन म्हणत होतो रे.”

“म्हणूनच तर,” मेहुणा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच भयंकर होतं. “सगळ्यांच्या वर तुमचा आवाज. मला वाटलं, अल्लाह तुमच्याच तोंडून मला हो म्हणतोय.”

तांब्यातलं पाणी बायकोच्या पायावर सांडलं. “अरे निलाजऱ्या,” ती भावावर कडाडली, “हे सांगायला तुझी जीभ रेटते तरी कशी? ऊठ ताटावरून!” तो मुकाट्याने उठला आणि जिना चढून गेला. तेव्हा ती नवऱ्याजवळ आली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, एक ऐका. त्याला मारा, घराबाहेर काढा, मी मध्ये पडणार नाही. पण हात वर करून काही बोलू नका. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे.”

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दुआच्या आड कसलाच पडदा नसतो, ती थेट अल्लाहपर्यंत पोचते, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इस्पितळातून घरापर्यंत ते त्याच एका गोष्टीचा आधार घेऊन चालत आले होते. आता बायको तीही त्यांच्या हातून मागून घेत होती.

“तूही त्याच्याच बाजूची,” ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

अस्रला अजून तासभर अवकाश होता. इमामसाहेब मशिदीलगतच्या आपल्या खोलीत पेटीतल्या चिठ्ठ्या चटईवर पसरून बसले होते. उस्तादांना पाहताच त्यांनी जागा करून दिली. पण उस्ताद चटईच्या कडेला, चिठ्ठ्यांपासून लांब बसले.

“अडथळ्याची चिठ्ठी या आठवड्यात नसेल,” ते म्हणाले.

इमामसाहेबांचा हात थांबला. “नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

इमामसाहेब सरळ माणूस होते. खोटं बोलायला त्यांना जमलं नसतं. “तिसऱ्या आठवड्यात मी अक्षर ओळखलं. त्याला बोलावून विचारलं. म्हणाला, भाऊजींची खोली. मी त्याला बरंच समजावलं, उस्ताद.”

“आणि मग पुढचे पंधरा गुरुवार वाचत राहिलात. माझ्यासमोर.”

“चिठ्ठी ही अमानत असते. विश्वासाने टाकलेली. ती मी फाडू कशी?”

“आणि मी कोण होतो? मीही विश्वासानेच बसलो होतो.”

इमामसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. “हे पाहा. दुआ हा इबादतीचा, उपासनेचा गाभा आहे. बंद्याने हात पसरायचे, आपण मोहताज आहोत, त्याच्यावाचून आपलं चालत नाही, हे कबूल करायचं, तीच त्याची इबादत. द्यायचं की नाही, ते त्याचा मालक ठरवतो. भलतंसलतं मागितलं म्हणून तो देत नाही. मला वाटलं, मागू दे. अशा चिठ्ठीने काय होणार आहे?”

“काय होणार आहे,” उस्तादांनी ते शब्द सावकाश उच्चारले. “हे तुम्ही म्हणता?”

“तसं नव्हे...”

“तसंच. बावीस वर्षं मी छाती फोडून आमीन म्हणतोय, आणि चिठ्ठी वाचणाऱ्यालाच वाटत होतं की काही होणार नाही. इमामसाहेब, या सगळ्यात त्या दुआवर विश्वास दोघांचाच होता. एक माझा, आणि एक त्या चोराचा.”

इमामसाहेबांनी पसरलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या. मग ते म्हणाले, “तुमची खोली चिठ्ठीने गेली नाही, उस्ताद. अर्जाने गेली.”

“तेवढं मला कळतं. मी काही लहान मूल नाही. त्याला खोली घ्यायची होती, घेतली. डोळा तर आधीच गेला होता. पण माझं आमीन कशाला हवं होतं त्याला? तेवढं तरी माझ्यापाशी राहू द्यायचं.”

“माझं चुकलं,” असं इमामसाहेब म्हणाले खरे, पण तोवर बाहेर अजान सुरू झाली होती आणि ते शब्द उस्तादांपर्यंत पोचले की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

नमाज झाली. चिठ्ठ्या निघाल्या. पहिली कुणाच्या तरी तापाची होती. वाचून झाल्यावर नेहमीच्या जागी एक पोकळी पडली. उस्ताद मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते, आणि लोक त्यांच्या आवाजाची वाट पाहत राहिले. मग मागून कुणीतरी चाचरत आमीन म्हटलं, आणखी काहींनी म्हटलं, एकसुरात काही येईना. दोघा-तिघांनी वळून पाहिलं. “उस्ताद, घसा बसला का?” शेजारच्या शिंप्याने कुजबुजून विचारलं. उस्तादांनी मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, ते शिंप्याला कळलं नाही.

माणसं पांगली. उस्ताद खांबापाशी बसून राहिले. थोड्या वेळाने मेहुणा आला आणि दोन हात अंतर राखून बसला.

“ताईने पाठवलं,” तो म्हणाला. मग थांबून, “नाही, मीच आलो. भाऊजी, तुम्ही आज चिठ्ठ्यांना आमीन म्हणाला नाहीत म्हणे. कुणासाठी राखून ठेवलंय ते मला कळतं. माझं काय करायचं ते करा. पण पोटातल्या त्या जीवाचा काही गुन्हा नाही.”

उस्तादांनी हात वर केले.

दुपारपासून त्यांनी शब्द जुळवून ठेवले होते. मेहुण्याचं नाव घेऊन सुरुवात करायची, नाव न घालण्याची पळवाट ठेवायची नाही. पण हात छातीपुढे आले, आणि त्यांना कळलं की हे हात असे एकट्याने कधी वर झालेच नव्हते. बावीस वर्षं ते दुसऱ्यांच्या मागण्यांना होकार भरत आले होते. स्वतःचं काही मागायचं तर सुरुवात कुठून करतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जुळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि परक्याच्या चिठ्ठीसारखं वाटलं.

मग ते नुसतंच सांगू लागले. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तू पाहिलंस, त्यांनी अल्लाहला म्हटलं. त्याने कपाट उघडलं ते पाहिलंस. मी आमीन म्हणताना माझा गळा किती भरून यायचा, तेही पाहिलंस. मग त्यांना आठवलं की अल्लाहने आणखीही काही पाहिलं होतं, आणि तेही सांगणं आलं. डोळ्यापुढे काळं पडायला लागलं तेव्हा मी घाबरलो. खोली जाईल म्हणून लपवलं. आजींच्या जोड्यातला खिळा मला दिसला नाही, आणि त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवलो. मला फार लागलंय. कुणावर विश्वास ठेवू, ते कळत नाही. तुझ्यावर ठेवू का, तेही आज कळत नाही. एवढं सांगून झालं तरी हात खाली येईनात. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि नंतर डाव्यातूनही. रडायला तो डोळा अजून चालत होता.

शेजारी मेहुणा बसला होता. हलणाऱ्या ओठांवरून काही कळतं का ते पाहत होता. उस्तादांनी तोंडावरून हात फिरवले, तसा तो पुढे सरकला.

“काय मागितलंत?”

उस्ताद खांबाला धरून उठले.

“भाऊजी, सांगा ना. माझ्याविरुद्ध मागितलंत?”

‘नाही’ एवढ्या एका शब्दाने त्याला मोकळं करता आलं असतं. तो शब्द उस्तादांच्या तोंडाशी आलासुद्धा. पण अकरा वर्षं आणि अठरा गुरुवार त्याच्या आड उभे होते, आणि ते ओलांडायचं बळ त्यांच्या अंगात नव्हतं.

“तुझ्या बायकोला सांग, घाबरू नकोस,” ते म्हणाले. “तिचं आणि तिच्या बाळाचं मी नाव घेतलेलं नाही.”

“आणि माझं?”

“ते माझ्यात आणि त्याच्यात,” उस्ताद म्हणाले. मेहुणा उठायला लागला तशी त्यांनी हाताने त्याला तिथेच थांबवलं, आणि डावीकडची भिंत चाचपत ते एकटेच दाराकडे निघाले.